चॅट्सवर्थ : आमच्या केळीचं आडनाव जिथून आलं ते घर

तापीकाठ

परवा सकाळी आप्पांचा फोटो आला. बागेत निसवण सुरू झालीय. पोंग्यातून लालसर जांभळं कमळ अर्धं बाहेर डोकावतंय आणि खाली दोनच शब्द : "कॅव्हेन्डिश आली." त्या दोन शब्दांमागे २०१९ च्या जूनमधला एक पूर्ण दिवस आहे. कधीचा लिहायचा राहिला होता, तो आज लिहिते.

आमच्या रावेर-यावल पट्ट्यात शेतकरी केळीला कॅव्हेन्डिश म्हणत नाही. पूर्वी बसराई म्हणायचे, मग श्रीमंती आली, आता टिश्यूची रोपं आल्यापासून जी-नाईन. पण माहितीपुस्तिकेत आणि रोपांच्या कागदांवर 'कॅव्हेन्डिश गट' असं छापलेलं असतं. आप्पांनी चाळीस वर्षं ते वाचलं होतं. बाळंतपणासाठी आई-आप्पा शेफील्डला आले, तेव्हा एकदा जेवताना मी सहज म्हटलं की हे एका इंग्रज घराण्याचं आडनाव आहे, आणि त्यांचं घर इथून बसनं तासाभरावर आहे. आप्पांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, "मंग जायचं."

डर्बीशायरमधलं चॅट्सवर्थ हे ते घर. कॅव्हेन्डिश घराण्याचे प्रमुख म्हणजे डेव्हनशायरचे ड्यूक. ड्यूक डेव्हनशायरचे, पण घर डर्बीशायरात. डोंगराळ पीक डिस्ट्रिक्टमध्ये डरवेंट नदीच्या काठी, मागे झाडीची टेकडी आणि पुढे मेंढ्या चरणारं मोकळं रान. बस रानात शिरली की लांबून आधी खिडक्या चमकतात. चौकटींना बाहेरून सोन्याचा वर्ख लावलाय. ऊन पडलं की दगडाचा पिवळा रंग आणि तो वर्ख एक होऊन जातात. आई म्हणाली, "सोनं बाहेरून लावलंय, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून."

बाळ दोन महिन्यांचं होतं, म्हणून घर आम्ही भराभर पाहिलं. रंगवलेल्या दालनात ज्युलियस सीझरच्या आयुष्यातले प्रसंग छतापर्यंत चितारलेत, ते मान दुखेपर्यंत पाहिले. पुतळ्यांच्या दालनात संगमरवराची एक बाई आहे, चेहऱ्यावर झिरझिरीत पदर. पदरही दगडाचाच, पण त्याखालचे डोळे-नाक दिसतात. आई तिथून हलेना.

एका गोष्टीशी मात्र मी स्वतः दहा मिनिटं उभी होते. एका खोलीच्या आतल्या दारावर व्हायोलिन टांगलंय. तारा, खुंट्या, मागे दारावर पडलेली सावली, सगळं आहे. जवळ जाऊन वाकून पाहिलं तर ते चित्र. अठराव्या शतकात यान व्हान डर व्हार्ट नावाच्या चित्रकारानं काढलेलं, लंडनच्या घरातून इथे आणलेलं. मी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. चित्र आहे हे कळल्यावरही डोळा मानत नव्हता.

आप्पांचं लक्ष मात्र सगळा वेळ खिडकीबाहेर. शेवटी एकदाचे बागेत उतरलो.

ही बाग १०५ एकर आहे. एका दिवसात सगळी पायाखाली घालता येत नाही, आम्ही घातलीही नाही. घराच्या मागच्या चढावर कॅस्केड आहे, म्हणजे दगडी पायऱ्यांवरून खाली येणारं पाणी. १६९६ मध्ये ग्रिये नावाच्या फ्रेंच जलतज्ज्ञानं ते बांधलं, पाच वर्षांत आणखी लांबवलं. पायऱ्यांचे २४ गट आहेत आणि प्रत्येकाची घडण थोडी वेगळी, त्यामुळे पाण्याचा आवाज बदलत जातो. चढाच्या कडेनं चालत गेलं की ऐकू येतं. एका ठिकाणी खळखळ, पुढे नुसती सळसळ. आप्पा चपला काढून पाण्यात उतरले. इंग्रज मुलं आधीच उतरलेली होती, त्यामुळे कुणी हटकलं नाही. पाणी पंपाशिवाय येतं, टेकडीवरच्या तळ्यांतून, नुसत्या उताराच्या जोरावर, हे कळल्यावर आप्पांना बऱ्हाणपूरचा खुनी भंडारा आठवला. आमच्याकडून तो जवळच आहे, तिथेही जमिनीखालून पाणी उतारानंच गावात आणलंय.

तांब्याचं एक झाडही आहे. फांद्यांतून अचानक पाणी उडतं. आई खाली उभी राहून पानं निरखत होती आणि पदरापर्यंत भिजली.

आता मुख्य गोष्ट.

१८२६ मध्ये सहाव्या ड्यूकनं जोसेफ पॅक्स्टन नावाच्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला मुख्य माळी नेमलं. शेतकऱ्याचा मुलगा. तो पहिल्या दिवशी पहाटे साडेचारला पोहोचला. कुणी उठलेलं नाही, म्हणून फाटकावरून चढून आत गेला, सगळी बाग फिरून पाहिली, सहाला कामगार आले तेव्हा त्यांना कामं वाटून दिली, मग कारंजी सुरू करून घेतली आणि घराच्या कारभारीण बाईंकडे न्याहारीला गेला. तिथे त्यांची भाची सारा होती. नऊ वाजायच्या आत दोघांचं जमलं. पुढच्या वर्षी लग्न झालं. हे पॅक्स्टननं स्वतःच लिहून ठेवलंय. आप्पांना हा माणूस फार आवडला. "पहाटे शेतात जातो तोच खरा," असं ते दिवसभर म्हणत होते.

सांगतात की पॅक्स्टननं घरातल्या एका खोलीत चिनी भिंतकागदावर केळीचं चित्र पाहिलं आणि त्याच्या मनानं घेतलं. केळीचं रोप दक्षिण चीनमधून मॉरिशसला आणि तिथून १८२९ मध्ये इंग्लंडमधल्या एका बागेत आलं होतं. त्यातलं एक पॅक्स्टननं मिळवलं. खड्ड्यात भरपूर पाणी, चांगली माती, शेणखत, आणि काचघराची ऊब. १८३५ च्या नोव्हेंबरात ते निसवलं. पुढच्या मे महिन्यापर्यंत घडाला शंभरावर केळी होती. मालकाच्या आडनावावरून त्याला 'म्यूझा कॅव्हेन्डिशी' हे नाव मिळालं.

त्यानंतर पॅक्स्टननं जे मोठं काचघर बांधलं, त्याची जागा पाहायला आम्ही गेलो. १८३६ ते १८४० असं चार वर्षं काम चाललं. २७७ फूट लांब, १२३ फूट रुंद, साठ फुटांहून उंच. मधल्या रस्त्यावरून घोडागाडी जायची. १८४३ मध्ये राणी व्हिक्टोरिया आली, तेव्हा आत १२,००० दिवे लावून तिला गाडीतून फिरवलं. जमिनीखाली आठ भट्ट्या, सात मैल लांबीचे गरम पाण्याचे नळ. कोळशाचं काळं काम पाहुण्यांना दिसू नये म्हणून बोगद्यातून रुळांवरून कोळसा आणायचे आणि धूरही जमिनीखालून दूर टेकडीकडे नेऊन सोडायचे.

पहिल्या महायुद्धात एवढा कोळसा मिळेना. भट्ट्या विझल्या आणि झाडं गारठून मेली. १९२० मध्ये काचघर सुरुंग लावून पाडलं, तेही एका झटक्यात पडलं नाही. आता तिथे १९६२ मध्ये लावलेला यू झाडांचा चक्रव्यूह आहे, १,२०९ झाडांचा. भोवती जुन्या पायाच्या बुटक्या दगडी भिंती उरल्यात.

आप्पा त्या भिंतीवर बसले. आमच्याकडे जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की केळीला चरका बसतो. पोंगा आवळतो, घड नीट बाहेर येत नाही, अर्ध्यात अडकतो. त्या रात्री आप्पा बागेभोवती पाचट पेटवून धूर करतात, पहाटे विहिरीचं कोमट पाणी सोडतात. मी लहान असताना कितीतरी वेळा त्यांच्या अंगाला धुराचा वास यायचा. ते चक्रव्यूहाकडे बघत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "यायनं बी धूरच केला. फक्त खाली लपवून."

शेवटी काचघर, आजचं, १९७० मध्ये बांधलेलं. आत तीन हवामानांचे तीन भाग आहेत. उष्ण भागात शिरल्या शिरल्या चष्म्यावर वाफ धरली. आप्पांनी चष्मा काढला, आणि समोर केळ.

मी त्यांचा फोटो काढला नाही. काढता आला असता. त्यांनी आधी खोडावर तळवा ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवतात तसा. मग पानं मोजली. वाळकं पान ओढून काढायला हात गेला, मी थांबवलं. बुंध्याशी फुटलेली पिलं मोजली. तिथे काम करणारी एक बाई जवळ आली आणि ते काय म्हणताहेत असं तिनं विचारलं. मी सांगितलं, की एकच पील ठेवा म्हणताहेत, बाकीची काढा, नाहीतर घड भरणार नाही. तुमच्याकडे किती केळी आहेत, असं तिनं विचारलं. अडीच एकरात साडेचार हजार. तिनं आकडा पुन्हा विचारला. आप्पांनी बोटांनी दाखवला.

फोटो नंतर टाकते. बसनं परत येताना आप्पा एवढंच म्हणाले, "याले ऊन कमी भेटते. पण निगा चांगली आहे."

---

रानजाई

काय सुंदर लिहिलंयस गं. तळवा ठेवला तिथे मी थांबले.

चॅट्सवर्थचा आणखी एक धागा मुंबईत आहे, तो जोडते. राणीच्या बागेत उर्वशीचं झाड आहे. लांब दांड्यांवर लोंबणारी लाल फुलं, त्यावर पिवळा ठिपका. शास्त्रीय नाव अ‍ॅमहर्स्टिया नोबिलिस, मूळ ब्रह्मदेशाचं. या एका झाडासाठी सहाव्या ड्यूकनं १८३५ मध्ये जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला हिंदुस्थानात पाठवलं होतं. तो कलकत्त्याला वनस्पती उद्यानात नॅथॅनिएल वॉलिककडे राहिला, खासी टेकड्यांत चेरापुंजीकडे महिनेच्या महिने फिरला आणि १८३७ मध्ये पेट्याच्या पेट्या भरून परतला. त्यात आमरी, म्हणजे ऑर्किड, खूप होत्या. डेंड्रोबियम डेव्होनियानम हे नाव ड्यूकच्या पदवीवरून, डेंड्रोबियम गिब्सोनी गिब्सनवरून.

उर्वशी चॅट्सवर्थला पोहोचली, पण ड्यूकसाठी फुललीच नाही. इंग्लंडमध्ये ती पहिल्यांदा १८४९ मध्ये लंडनजवळच्या ईलिंगमध्ये मिसेस लॉरेन्स यांच्या काचघरात फुलली. आपल्याला ती भायखळ्याला तिकीट काढून उघड्यावर बघायला मिळते. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास जाऊन बघा.

---

दूरदेशी

मी मँचेस्टरला असते, त्यामुळे तीनचार वेळा जाणं झालंय. जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. भोवतालच्या रानात पायी फिरायला तिकीट लागत नाही, फक्त घर आणि बागेला लागतं. कॅस्केडला गळती फार वाढल्यामुळे अलीकडे पाणी बंद करून मोठ्या दुरुस्तीचं काम हाती घेतलंय, त्यामुळे त्यासाठीच जात असाल तर आधी चौकशी करा.

आणि एडन्सर चुकवू नका. उच्चार 'एन्झर'. जुनं गाव घरातून दिसायचं, म्हणून ते हलवून १८३८ ते १८४२ च्या दरम्यान टेकाडाआड नवं वसवलं. प्रत्येक घर वेगळ्या धाटणीचं. जुन्या गावातलं एकच घर रस्त्याच्या अलीकडे एकटं उभं आहे. चर्चच्या आवारात पॅक्स्टनची कबर आहे. तिथेच केनेडींच्या बहिणीची, कॅथलीनचीही आहे. तिचं लग्न या घराण्यातल्या थोरल्या मुलाशी झालं होतं. तो युद्धात गेला, चार वर्षांनी ती विमान अपघातात गेली. राष्ट्राध्यक्ष असताना केनेडी १९६३ च्या जूनमध्ये इथे येऊन गेले, स्वतःच्या मृत्यूच्या पाच महिने आधी.

---

केळीवाला_यावल

ताई, लेख वाचून दाखवला घरात सगळ्यांना. पिलाचं आप्पांनी बरोबर सांगितलं.

एक मात्र सांगतो, गैरसमज राहू नये म्हणून. आपली बसराई किंवा जी-नाईन ही चॅट्सवर्थच्याच झाडाची पिलं, असं कुणी समजू नये. कॅव्हेन्डिश गटातली केळी दक्षिण चीन आणि आसपासच्या मुलखात शेकडो वर्षांपासून लावतात, आणि तिथून ती अनेक वाटांनी जगात गेली. बसराई म्हणजे बुटकी कॅव्हेन्डिश, जी-नाईन म्हणजे ग्रँड नैन, तीही त्याच गटातली. चॅट्सवर्थनं दिलं ते नाव. आणि एक वाट नक्की तिथून निघाली : जॉन विल्यम्स नावाच्या पाद्र्याबरोबर १८३८ च्या सुमारास रोपं पॅसिफिकमधल्या सामोआला गेली आणि तिथून त्या बेटांवर पसरली.

पूर्वी जगाच्या बाजारात 'ग्रो मिशेल' जातीचं केळं चालायचं. पनामा मर या बुरशीच्या रोगानं ते १९५० च्या दशकात झोपवलं आणि त्या जागी कॅव्हेन्डिश आलं, कारण त्या मरीला ते बधत नव्हतं. आता त्याच बुरशीचा नवा प्रकार आलाय, टीआर४, तो कॅव्हेन्डिशलाही मारतो. बिहार आणि उत्तर प्रदेशात तो सापडलाय. औषध नाही. एकदा मातीत गेला की वर्षानुवर्षं राहतो. बुटाच्या चिखलातून, ट्रॅक्टरच्या चाकातून, कंदातून जातो. म्हणून हात जोडून सांगतो, परप्रांतातून कंद आणू नका, खात्रीच्या ठिकाणची टिश्यूची रोपंच घ्या. सगळ्या बागा एकाच जातीच्या, आणि केळीला बी नसतं, पिलावरच वंश चालतो. एक झाड ज्याला बळी पडतं त्याला सगळी पडतात.

---

तापीकाठ

रानजाई, उर्वशीचं हे माहीतच नव्हतं. राणीच्या बागेत कितीदा गेलेय.

केळीवालादादा, तुमची दुरुस्ती शंभर टक्के मान्य. म्हणूनच शीर्षकात 'आडनाव' म्हटलं, वंश नाही. पण लेखात हे स्पष्ट लिहायला हवं होतं. टीआर४ बद्दल आप्पाही हेच सांगतात. त्यांनी गेल्या वर्षीपासून बागेच्या तोंडाशी चुन्याचं पाणी ठेवलंय आणि घड कापायला येणाऱ्या मजुरांचे कोयते धुऊन घेतात. चुन्याचं पाणी कितपत पुरतं ते तुम्हीच सांगा.

---

केळीवाला_यावल

चुन्यापेक्षा बूट बदलणं चांगलं ताई. बागेचे बूट वेगळे, गावात घालायचे वेगळे. आणि बाहेरचा ट्रॅक्टर बांधावरच थांबवायचा, घड डोक्यावर आणायचे. त्रास होतो, पण करावं.

---

जुनीपानं

सगळं वाचलं. थोडा इतिहास जोडतो, कारण एवढं वैभव आलं कुठून हा प्रश्न मनात येतोच.

सुरुवात एका बाईपासून आहे. बेस ऑफ हार्डविक. तिनं नवऱ्याला, विल्यम कॅव्हेन्डिशला, आपल्या माहेरच्या मुलखात यायला लावलं. १५४९ मध्ये ही जागा ६०० पौंडांना घेतली आणि १५५२ पासून बांधायला काढली. स्कॉटलंडच्या राणी मेरीला एलिझाबेथनं कैदेत ठेवलं, त्या काळात तिला इथे अनेकदा आणून ठेवत. आज दिसतं ते घर मात्र मुख्यतः पहिल्या ड्यूकनं १६८७ पासून वीस वर्षं पाडत-बांधत उभं केलेलं. पैसा जमिनींचा होता, आयर्लंडमधल्याही, आणि खाणींचा. स्टॅफर्डशायरमधल्या एक्टनच्या तांब्याच्या खाणीनं अठराव्या शतकात या घराण्याला अफाट पैसा दिला. त्या खाणीत खाली उतरणाऱ्यांची घरं कुणी जपली नाहीत.

हिंदुस्थानाशी धागा हवा असेल तर लॉर्ड विल्यम बेंटिंक. १८२९ मध्ये सतीबंदीचा कायदा करणारा गव्हर्नर जनरल. त्याचं पूर्ण आडनाव कॅव्हेन्डिश-बेंटिंक, त्याची आई चौथ्या ड्यूकची मुलगी. म्हणजे केळीवाल्या सहाव्या ड्यूकचा तो आतेभाऊ.

माळ्यांबद्दलही लिहावंसं वाटतं. गिब्सन सुखरूप परतला. त्याच्यानंतर १८३८ मध्ये चॅट्सवर्थचे वॉलेस आणि बँक्स हे दोन तरुण माळी झाडं शोधायला उत्तर अमेरिकेत पाठवले, ते कोलंबिया नदीत बुडून मेले. बागेत हिंडताना आपण झाडांची नावं वाचतो, या दोघांची नावं कुणाच्या ओठी येत नाहीत. म्हणून इथे लिहिली.

---

शेवंती

मला या घराचा आवडलेला काळ दुसऱ्या महायुद्धाचा. वेल्समधली पेनरोस कॉलेज ही मुलींची शाळा सरकारनं इमारत ताब्यात घेतल्यामुळे बेघर झाली. ड्यूकनं त्यांना चॅट्सवर्थमध्ये घेतलं, कारण सैनिकांपेक्षा मुली घर नीट ठेवतील असा हिशेब. १९३९ ते १९४६ अशी साडेसहा वर्षं सुमारे तीनशे मुली तिथे राहिल्या. राजेशाही दिवाणखान्यात ओळीनं खाटा. हिवाळ्यात आत बर्फासारखी थंडी. दोन महिन्यांचं बाळ घेऊन फिरणाऱ्या तुझ्यासारख्या आईला विचारायचं होतं, आत थंडी वाजते का गं? माझी नात पाच महिन्यांची आहे, पुढच्या मे महिन्यात जायचं मनात आहे.

---

तापीकाठ

शेवंतीमावशी, मे महिन्यातही आत गारवा असतो, दगडी घर आहे. कुंची आणि एक दुपटं जास्तीचं ठेवा. बाबागाडी आत सगळीकडे नेता येत नाही, आम्ही झोळी घेतली होती तीच बरी पडली. आप्पांचे गुडघे दुखतात, तर लिफ्टची सोय विचारली की होते. बागेत मात्र चढ आहे. दर थोड्या वेळानं बसायचं. बाकं भरपूर आहेत.

खायला आई दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आली होती. नदीकाठच्या गवतावर बसून खाल्लं. मेंढ्या जवळ येऊन उभ्या राहिल्या. घरापासून थोड्या अंतरावर त्यांचं शेतमालाचं दुकान आहे. ड्यूकच्या घराण्यातल्या सुनेनं, डेबोरा यांनी, १९७७ मध्ये सुरू केलं. १९५० मध्ये दहावा ड्यूक वारला तेव्हा वारसाकर ऐंशी टक्के लागला, त्यापायी जमिनी, चित्रं आणि हार्डविक हॉल हे आख्खं दुसरं घर द्यावं लागलं. मग या बाईंनी तिकीट, दुकान, बाग असं एकेक करून घर चालतं ठेवलं. दुकानात आईनं केळी उचलून पाहिली आणि परत ठेवली. "गॅसनं पिकवलीत," म्हणाली.

---

घाटमाथा

पाणी माझा विषय, म्हणून एम्परर कारंज्याबद्दल लिहितो. तापीकाठ यांनी त्याला हात लावला नाही. रशियाचा झार निकोलस १८४४ मध्ये येणार म्हणून पॅक्स्टननं ते सहा महिन्यांत उभं केलं. त्यासाठी टेकडीवर आठ एकरांचं तळं खणलं, रात्री मशालींच्या उजेडात काम चाललं. तळं कारंज्यापेक्षा साडेतीनशे फुटांहून जास्त उंचावर आहे. तेवढ्या उंचीचा दाब थेट तोटीवर येतो, म्हणून पंप लागत नाही. नळातल्या घर्षणात आणि हवेच्या विरोधात थोडा जोर जातो, तरी २९६ फुटांची, म्हणजे ९० मीटरची उडी नोंदलेली आहे. झार आलाच नाही. कारंज्याला नाव मात्र त्याचं राहिलं.

मला जास्त आवडतो तो पुढचा भाग. याच उतारावरच्या पाण्यावर १८९३ मध्ये टर्बाइन बसवून घराला वीज केली, ती १९३६ पर्यंत चालली. आणि १९८८ मध्ये पुन्हा नवं टर्बाइन बसवलं. शोभेसाठी वर चढवून ठेवलेलं पाणी पोटापाण्याला आलं.

---

रानजाई

पॅक्स्टनवरून राहिलेली एक गोष्ट. व्हिक्टोरिया अ‍ॅमेझॉनिका हे परातीएवढ्या पानांचं कमळ इंग्लंडमध्ये पहिल्यांदा चॅट्सवर्थलाच फुललं, १८४९ च्या नोव्हेंबरात. पॅक्स्टननं आपल्या सात वर्षांच्या मुलीला, अ‍ॅनीला, पानावर उभं केलं आणि पान बुडलं नाही. पान उलटं केलं की खाली जाड शिरांचं आणि आडव्या पडद्यांचं जाळं दिसतं. तेच बघून त्यानं छपराचा आधार कसा द्यायचा ते ताडलं, आणि १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभा राहिला. सरदार-दरकदार नव्हे, इंजिनिअरिंगची पदवी नव्हे, माळी.

---

केळीवाला_यावल

ताई, आप्पांनी त्या काचघरातल्या बाईला आणखी काय सांगितलं? आमचे दादा विचारताहेत. केळीवाला दुसरी केळ बघून एवढ्यावर थांबत नसतो.

---

तापीकाठ

दादांना नमस्कार सांगा. आत्ताच आप्पांना फोन लावून विचारलं. त्यांना सगळं आठवतंय.

त्यांनी विचारलं होतं, घड उतरवल्यावर खोडाचं काय करता? ती म्हणाली, लगेच बुंध्यापासून कापून खतात टाकतो. आप्पा म्हणाले, तसं करू नका. घड घेतला तरी खोडात पाणी आणि अन्न असतं, ते पिलाकडे उतरतं. पानं काढा, खोड उभं राहू द्या, टप्प्याटप्प्यानं वरून कापत या. पील जोरात वाढतं. मी जमेल तसं इंग्रजीत सांगत होते. तिनं एप्रनच्या खिशातून मातीचे डाग पडलेली छोटी वही काढली आणि लिहून घेतलं. मग विचारलं, याला तुमच्याकडे काय म्हणतात?

आप्पा म्हणाले, पिलबाग. तिनं इंग्रजी अक्षरांत लिहिलं. त्यांनी तिच्याकडून तो शब्द तीनदा म्हणवून घेतला, 'ळ' नाही, 'ल', असं करत, आणि नीट आल्यावरच काचघरातून बाहेर निघाले.